आईचा शब्द उंबऱ्याबाहेर

नवजात अतिदक्षता विभागातून बाळ घरी आले की आपल्या समाजाच्या लेखी गोष्ट संपते. मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी, आणि खिशात काहीच उरले नसेल तर नुसते 'देव पावला'. बोललेला नवस फेडला जातो, डॉक्टरांना शाल-श्रीफळ जाते, मध्यरात्री ज्या मेहुण्याने गाडी काढली त्याचे कौतुक पुढची दहा वर्षे प्रत्येक लग्नात निघते. या आभारप्रदर्शनात एक नाव मात्र नसते. ज्या बाईने पोटावरचे टाके ओले असताना त्या विभागाच्या दाराशी सतरंजी टाकून आठवडेच्या आठवडे काढले, दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध पिळून आत पाठवले आणि परिचारिकेच्या हाताखाली बाळाला धरायला, पाजायला, ओळखायला शिकली, तिचे.

आभार मानले नाहीत हे एक वेळ सोडून देऊ. आपल्या घरांत आईचे आभार मानायची पद्धतच नाही. पण तिने घरात पाऊल टाकताक्षणी आपण बाळाबाबतचा सगळा अधिकार तिच्या हातून काढून घेतो, ते सोडून देता येत नाही. बाळाचे ज्याला कळते त्याच्या हाती काही नाही, आणि ज्याच्या हाती सगळे आहे त्याला बाळाचे काही कळत नाही, अशी आपल्या घरांची रचना आहे. डॉक्टरांनी वाचवलेली बाळे या फटीतून निसटतात. निसटली की आपण कपाळाकडे बोट दाखवतो आणि मोकळे होतो.

त्या बाईला असे काय येते, ते आधी पाहू. सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला वेळेआधीचे बाळ म्हणतात. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या अशा दर पाच बाळांत एक तरी आपले. यातली सगळीच अतिदक्षतेत जात नाहीत, पण जी जातात त्यांच्यासाठी आता जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात शिशु काळजी कक्ष आहेत. तिथे उपचार मोफत आहेत, उष्णता देणारे वॉर्मर आहेत, काविळीसाठी निळे दिवे आहेत, श्वासाला आधार देणारी यंत्रे आहेत. लोक या सगळ्याला मिळून 'पेटी' म्हणतात आणि श्रेय पेटीला देतात. पेटीचे श्रेय खरेच आहे. परंतु पेटीतून निघाल्यावर बाळाचे वजन वाढते ते आईच्या छातीशी.

१९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका प्रसूती रुग्णालयात, पेट्या थोड्या आणि बाळे फार अशी अवस्था होती. तिथले डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच पद्धत पुढे 'कांगारू मातृसेवा' म्हणून जगभर गेली. २०२१ साली या पद्धतीची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालये आणि आपल्याकडचे दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय तिच्यात होते. बाळ स्थिरस्थावर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच त्याला छातीशी धरले, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात असे तीत दिसले. फायदा इतका उघड होता की चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. ज्या छातीला आपण घरी 'अंगावर दूध नाही' म्हणून हिणवतो, तिचे काम हे.

कांगारू वॉर्डात राहिलेल्या बाईला बोंडल्याने दूध कसे पाजायचे ते येते. डॉक्टर त्याला 'पलाडाई' म्हणतात, वस्तू तीच. बारशाला आपण चांदीचे बोंडले आहेर करतो आणि कपाटात ठेवतो. ती मात्र ते उकळून घेते, बाळाला थोडे उभे धरते, धार गालाच्या कडेने सोडते आणि बाळ गिळेपर्यंत थांबते. बाळाचे पोट कोमट आणि तळवे गार लागले तर ते थंडी खाऊ लागले आहे, हे तिला हाताने कळते. श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठांवर निळसर छटा आली, किंवा काल दूध ओढणारे बाळ आज दोन घोटांत थकले, तर थांबायचे नाही, हे तिला शिकवलेले असते. एवढे शिक्षण आपल्याकडच्या बहुतेक पदवीधर बापांनाही नसते. सातवी नापास असली तरी त्या घरातली बाळाची तज्ज्ञ तीच असते.

आता तिच्या घरी जाऊ. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, परिचयातल्या एका कुटुंबात घडलेले सांगतो. जन्मली तेव्हा एक किलो तीनशे ग्रॅमची मुलगी पाच आठवड्यांनी एक किलो आठशे होऊन घरी आली. दारात सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. इथपर्यंत सगळे छान, डोळ्यांत पाणी आणणारे. मग ओसरीवर बसलेल्या आत्याबाईंनी बाळ घेतले आणि पहिले काम केले ते टोपी काढण्याचे.

"उन्हाळ्याची टोपी कशापाई गं? जीव गुदमरंल की तिचा."

"सिस्टरनी सांगितलंय, टोपी-मोजे काढायचे नाहीत."

"आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत?"

या प्रश्नाला मराठी घरात उत्तर नाही. सूनबाई गप्प बसली. आत्याबाईंनी बाळाचा दंड अंगठा आणि तर्जनीत धरून जमलेल्या बायकांना दाखवला. संध्याकाळी न्हाऊ घालणारी मावशी आली. रुग्णालयाने वजन पुरेसे वाढेपर्यंत आंघोळ नको, कोमट फडक्याने पुसा, असे सांगितले होते. मावशीने आडव्या पायांवर बाळ घेऊन तेल चोळले, टाळू भरली, नाकात दोन थेंब सोडले, कढत पाण्याने न्हाऊ घातले आणि शेगडीवर ओवा-धुपाची धुरी दिली. आई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. रात्री बाळ दूध ओढेना. तिने तळवे पाहिले, गार. सासूला सांगितले तर "डोळा लागलाय लेकराचा, उगी उठवू नको." नवऱ्याला बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितले तर "सकाळी बघू." सकाळी १०८ ची गाडी बोलावली तेव्हा बाळाने अंग टाकलेले होते.

मुलगी वाचली, पुन्हा बारा दिवस कक्षात राहून वाचली. पण माझ्या मनातून जात नाही ते पुढचे. कक्षातल्या तरुण डॉक्टरने त्या बाईला सगळ्यांदेखत झापले. एवढे शिकवून पाठवले, तरी असे कसे केले? सासू शेजारीच उभी होती, नवरा मागे मोबाइल घेऊन. दोघांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. घरात जिला बोलता आले नाही, तिनेच रुग्णालयात बोलणीही खाल्ली. डॉक्टरचा राग खोटा नव्हता. त्याला कळले नाही ते एवढेच, की आपण ज्ञान ज्या व्यक्तीला दिले तिला ते वापरण्याची परवानगी नाही.

कोणी म्हणेल, परंपरेवर राग काढू नका. काढत नाही. हलक्या हाताने तेल लावण्यात वावगे काही नाही, आणि आजीच्या मांडीवर बाळ जितके निर्धास्त झोपते तितके पाळण्यात झोपत नाही. पण ज्या मुलांच्या जोरावर 'आम्ही काय पोरं वाढवली नाहीत' हे विचारले जाते, ती पूर्ण दिवसांची धडधाकट मुले होती. आणि त्यांच्यासोबत जन्मलेली जी वाढली नाहीत, त्यांची मोजदाद त्या प्रश्नात नसते. आपल्या आजीला किती भावंडे होती आणि त्यांतली किती पाळण्यातच गेली, हे एकदा घरात विचारून पाहा. सव्वा-दीड किलोच्या बाळाच्या नाकात तेल सोडले तर ते फुप्फुसात उतरू शकते. सहाणेवर उगाळलेले वेखंड, मायफळ, हळकुंड, मुरडशिंग आणि खारीक त्याच्या आतड्यांसाठी नाहीत. ती सहाण आणि ते पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब, एवढा साधा नियम आहे. धुरीने ज्याची फुप्फुसे कोंडतात त्या बाळाने महिनाभर यंत्राच्या आधाराने श्वास घेतलेला असतो.

मेळघाटात पोटफुगीवर उपाय म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचून पुण्या-मुंबईत हळहळ होते, 'आदिवासींचे अज्ञान' यावर अग्रलेख पडतात. ते अग्रलेख वाचणाऱ्यांच्याच घरात, चौदाव्या मजल्यावर, अतिदक्षतेतून आलेल्या बाळाला आयुर्वेदाच्या नावाने बाटलीतली बाळगुटी चालू असते. ती पाजू नका असे म्हणणाऱ्या सुनेला 'गूगल डॉक्टर' म्हणून हसण्यावारी नेले जाते. तिथे दवाखाना चाळीस किलोमीटरवर आहे म्हणून चटके दिले जातात. इथे लिफ्टने उतरले की बालरोगतज्ज्ञ आहे, तरी. दोन्हींपैकी अधिक लाजिरवाणे कोणते, हे मला ठरवता येते.

मग पाहुणे. अतिदक्षता विभागात आईलाही कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथून निघालेले बाळ घरी येते आणि पहिल्या रविवारी पंचवीस माणसे त्याचा मुका घेतात. 'नाही' म्हणावे तर माणुसकी सोडली म्हणतात. बारसे बाराव्या दिवशी झालेले नसते, त्या दिवशी बाळाच्या नाकात नळी होती. मग राहून गेलेले ते बारसे दुप्पट थाटात उरकायची घाई होते. हॉल, केटरर, फुग्यांची कमान, ड्रोनने शूटिंग. ज्या सर्दीने पाहुण्याला दोन शिंका येतात, तीच अशा बाळाला पुन्हा व्हेंटिलेटरवर नेऊ शकते, हे आमंत्रणपत्रिकेवर कुठे छापणार! आई म्हणते, तीन महिने थांबू या. तिच्या म्हणण्याला 'हौस नाही' असे नाव पडते.

हौस नाही, दूध नाही, आणि मुळात दिवसही पुरे भरले नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा आरोप आपण कोणावर ठेवतो? 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' हे बिनबुडाचे वाक्य अजून शिकल्यासवरल्या घरात म्हटले जाते आणि तेही बाळंतिणीला ऐकू जाईल असे. वास्तविक, पोटात एकेक आठवडा अधिक राहिलेल्या बाळाची जगण्याची शक्यता वाढतच जाते. वेळेआधी प्रसूती का होते याची कारणे वैद्यकशास्त्राने सांगितलेली आहेत: रक्तदाब, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, जुळे, फार लहान वयातले किंवा फार जवळजवळचे गर्भारपण. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. यातला रक्तक्षय कोणी पोसला? तिला शेवटच्या पंगतीत कोणी बसवले? अठरा भरायच्या आत बोहल्यावर कोणी चढवले? ऊसतोडीच्या कोयत्यावर सातव्या महिन्यात मोळी कोणी उचलायला लावली? ज्यांनी हे केले तेच लोक बाळाच्या पेटीकडे बघून 'सूनबाईने नीट काळजी घेतली नाही' म्हणतात. याला काय म्हणावे, ते मी वाचकांवर सोडतो.

आणि बिल! या विषयावर आपल्याकडे कोणी लिहीत नाही, कारण दोन्हीकडच्यांना लाज वाटते. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. तिथे काही बिघडले आणि बाळ खासगी रुग्णालयात ठेवावे लागले, की दिवसाचा हिशेब सहज पाच आकडी होतो. मग सासरचे म्हणतात, बाळंतपण तुमच्याकडचे. माहेरचा बाप शेत गहाण टाकतो. बाळ तुमच्या कुळाचे, नाव तुमचे, वंश तुमचा. पेटीचे भाडे मात्र व्याह्याचे. काही घरांत तर पैशांचा वाद मिटेपर्यंत सासरचे कोणी बाळ बघायलाही फिरकत नाही. जिथे पैसे संपतात तिथे एक कागद पुढे येतो: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे. त्यावर सही बहुधा बापाची, काकाची, आजोबांची असते. आईला विचारलेले नसते. कधी कधी तर ती दुसऱ्याच रुग्णालयात खाटेवर असते, आणि बाळ घरी नेले हे तिला घरी आल्यावर कळते.

असे सही करून नेलेले बाळ मुलगी असण्याची शक्यता किती, हे मी आकड्यांत सांगत नाही. पण देशभरातल्या सरकारी नवजात कक्षांत मुलग्यांपेक्षा मुली बऱ्याच कमी दाखल होतात, ही गोष्ट 'युनिसेफ'ने २०१८ साली जाहीरपणे मांडली आहे. मुलगे जन्मतः थोडे अधिक नाजूक असतात, त्यामुळे काही फरक निसर्गाचा आहे हे मान्य. उरलेला फरक आपला आहे. उपचार मोफत आहेत, गाडी मोफत आहे, तरीही मुलीसाठी 'बघू दोन दिवस' आणि मुलासाठी रातोरात जिल्ह्याचे ठिकाण. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा झाला, त्याचे फलक दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. जन्मल्यावर हळूहळू, हयगयीने, तारखा चुकवून जे केले जाते त्यासाठी कोणताच फलक नाही.

तारखा चुकवणे ही तर आपली खासियत. घरी सोडताना कार्डावर तारखा लिहून दिलेल्या असतात आणि त्यांतली एक तारीख अशी असते की ती चुकली तर बाळाची दृष्टी जाऊ शकते. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांतला पडदा पुरता तयार झालेला नसतो. त्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागतात. जन्मानंतर तीस दिवसांच्या आत, फारच लहान बाळांत त्याही आधी, नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासला तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. उशीर झाला की काही करता येत नाही. बाहेरून डोळे सुंदर, काळेभोर, काजळ घातलेले. बाळ आईकडे बघत नाही हे घरच्यांच्या लक्षात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आई म्हणते, तपासणीला जाऊ या. घर म्हणते, अजून सव्वा महिना झाला नाही, बाहेर कसे न्यायचे? पंचवीस पाहुण्यांना घरात घ्यायला जो सव्वा महिना आड येत नाही, तो नेमका नेत्रतज्ज्ञाच्या दारात उभा राहतो.

पुढे वर्षभर शेजारपाजारचे अजून एक काम नेटाने करतात. "आमची चिंगी तिसऱ्या महिन्यात मान धरायला लागली, हिची अजून नाही?" दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून ते दोन महिने वजा करून मग वाढ पाहायची असते, हे आईला शिकवलेले असते. ती सांगते, कोणी ऐकत नाही. उलट जिथे खरोखरच उशीर होत असतो, तिथे 'याचा बापही उशिरा चालला' म्हणून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचे टाळले जाते. दोन्ही वेळा तिचे म्हणणे बरोबर असते, आणि दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचा.

ज्ञान आणि अधिकार एका हातात आले तर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे आणि तो जगाने मान्य केला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत त्याच गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करत, तापमान घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखत आणि वेळ पडली तर इंजेक्शनही देत. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. या गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. गावातल्या बाईच्या हातात पिशवी, घड्याळ, तापमापी आणि सुई दिली, आणि त्याहून मोठे म्हणजे तिचा शब्द घरात मानला जाईल अशी तिची पत निर्माण केली.

देशाने हा धडा घेतला तो कसा, तेही पाहा. २०११ पासून घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम आशाताईंवर सोपवला गेला. बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी, आणि या सगळ्या भेटींचे मिळून मानधन २५० रुपये. काम आरोग्यसेविकेचे आणि नाव स्वयंसेविका, म्हणजे पगार मागायची सोय नाही. ती दारात आली की सासू म्हणते, "बाळ झोपलंय, उद्या या." ज्या घरात शिकून आलेल्या सुनेचे चालत नाही, तिथे बिनपगारी आशाताईचे काय चालणार? एका घरात दोन जाणत्या बायका उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या आहेत आणि उंबरा तिसऱ्याच्या मालकीचा आहे.

आता पुरुषांकडे. बाप या कथेत कुठे असतो? औषधे आणायला धावतो, पैसे उभे करतो, रक्त देतो. हे खरे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण बाळ घरी आले की त्याची जबाबदारी संपल्यासारखी तो बैठकीत जाऊन बसतो. कांगारू पद्धतीत बापाची छातीही चालते. तिचीही ऊब तेवढीच. वॉर्डात परिचारिकेने शर्टाची बटणे काढायला सांगितली की तो लाजतो. तालमीत, नदीवर, गणपती विसर्जनात उघडा मिरवताना लाजत नाही. त्याहून मोठा भित्रेपणा वेगळाच आहे. आईसमोर बायकोची बाजू घ्यायची पाळी आली की त्याला अचानक फोन येतो. 'आई, डॉक्टरांनी सांगितलंय, ती म्हणते तसं करू' एवढे एक वाक्य. ते वाक्य न उच्चारल्यामुळे महाराष्ट्रात किती बाळे दुसऱ्यांदा दाखल होत असतील!

सरकारही या पुरुषासारखेच वागते. मातृत्व रजेचा कायदा २६ आठवडे देतो. वेळेआधीच्या प्रसूतीमुळे आईच आजारी पडली तर आणखी एक महिना मिळू शकतो, आणि हे कलम किती बायकांना माहीत आहे? बाळ जितके दिवस कक्षात आहे तितके दिवस रजा वाढावी, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. रजेचे दोन-अडीच महिने रुग्णालयाच्या बाकावर संपतात आणि ज्या बाळाला आईची खरी गरज घरी आल्यावर आहे, त्याला सोडून ती कामावर जाते. खासगी नोकरीतल्या बापाला तर कायद्याने एका दिवसाचीही हक्काची रजा नाही. आणि ही सगळी चर्चा नोकरदारांची. कोयता, वीटभट्टी, घरकाम यांतल्या बाईला रजा कोण देणार? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. शंभर वर्षे व्हायला आली, अजून आपण तो प्रश्न 'घरचा मामला' म्हणून घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर सोडतो.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी आग लागली आणि १० बाळे गेली. बाळ घरी नेण्याची वाट पाहणाऱ्या आया होत्या. चौकशी, मदतनिधी, तपासणीचे आदेश सगळे झाले, आणि महाराष्ट्र काही दिवस रडला. ती आग दिसली म्हणून रडला. घराघरांत जी बाळे धुराने, थंडीने, चुकलेल्या तारखांनी जातात त्यांची बातमी होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कोणाला निलंबितही करता येत नाही.

कक्षात प्रत्येक बाळाच्या मनगटावर किंवा पायावर एक पट्टी असते आणि तिच्यावर लिहिलेले असते: 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव. कदाचित त्या बाळाच्या आयुष्यातला एवढाच काळ असा असतो की त्याची ओळख आईच्या नावाने पटते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिणे सक्तीचे केले, ही चांगली गोष्ट झाली. दाखल्यावर नाव आले. घरात मत कधी येणार, यासाठी शासन निर्णय निघत नाही.

पण रुग्णालयांना करता येईल असे काही आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात घरच्यांना नवजात कक्षात घेऊन काळजी शिकवण्याचा प्रयोग झाला आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या देशासाठी काढल्या. कागदावर त्यात 'कुटुंब' आहे. प्रत्यक्षात शिकायला पाठवली जाते ती आईच. घरात ज्यांचा शब्द चालतो ते भेटीच्या वेळेत येऊन काचेतून बघून जातात. हे उलटे करा. सासूबाईंना, आत्याबाईंना, न्हाऊ घालणाऱ्या मावशीला सन्मानाने बोलवा, हात धुवायला लावा, बाळाचे गार तळवे आणि कोमट तळवे यांतला फरक त्यांच्या हाताला शिकवा. आयुष्यभर पोरे वाढवलेले ते हात चटकन शिकतील, त्यांचा अपमानही होणार नाही.

आणि एक कागद वाढवा. बाळ सल्ल्याविरुद्ध नेताना सही बापाची घेतली जाते, आणि 'सर्व सूचना समजल्या' या कागदावर अंगठा आईचा. घरी सोडण्याच्या कार्डावर आणखी एक ओळ छापा: पुढचे सहा महिने बाळाची आंघोळ, दूध, औषध, पाहुणे आणि तपासणीच्या तारखा याबाबत आई सांगेल ते घरात होईल. तिच्याखाली सही बापाची आणि सासूबाईंची. सही द्यायला कोणी कां-कू केले, तर बाळाला चार दिवस उशिरा सोडा आणि त्या चार दिवसांत कां-कू करणाऱ्यांना कांगारू वॉर्डात बसवा. खाटा कमी पडतात हे मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा दाखल होणाऱ्या बाळालाही खाट लागतेच.